बाळासाठी जाळीचं ब्लँकेट: कोणता धागा, कोणतं ब्लॉकिंग, कोणती वीण

बाळाला भेट द्यायला जाळीचं ब्लँकेट विणायचं ठरलं की बहुतेक जण आधी नमुना शोधतात, मग रंग, मग त्या रंगात मिळेल तो धागा. ब्लॉकिंग, म्हणजे विणलेला तुकडा ताणून, टाचून मापात बसवणं, आठवतं ते शेवटचा टाका बंद केल्यावर. हा सगळा क्रम उलटा लावला तर निम्म्या अडचणी सुरू होण्याआधीच मिटतात. पहिला प्रश्न एकच: हे ब्लँकेट धुणार कोण, आणि कसं? त्यावरून धागा ठरतो. धागा कोणता यावरून ब्लॉकिंग कोणतं आणि ते किती टिकणार हे कळतं. आणि ब्लॉकिंग जेवढं टिकणार, तेवढीच नाजूक जाळी निवडण्यात अर्थ असतो.

जाळीच्या विणीला ब्लॉकिंग लागतंच. जाळी म्हणजे सुईवर जादा धागा घेऊन पाडलेलं भोक, आणि टाक्यांची संख्या कायम राहावी म्हणून जवळच कुठेतरी एकत्र विणलेले दोन टाके. सुईवरून उतरताना ही भोकं मिटलेली असतात, घटवलेले टाके एका बाजूला ओढलेले असतात आणि सगळा तुकडा चुरगळल्यासारखा दिसतो. ओलावा किंवा उष्णता देऊन, ताणून, टाचून वाळवलं की भोकं उघडतात आणि नक्षी दिसायला लागते. हा उघडलेपणा पुढच्या धुण्यानंतर राहतो का, यावर प्रत्येक धाग्याचं उत्तर वेगळं आहे.

आधी एक शब्दाचा घोळ. विणायच्या कोणत्याही धाग्याला आपण सर्रास लोकर म्हणतो. गुंड्यावर शंभर टक्के ॲक्रिलिक लिहिलेलं असलं तरी ती "लोकर"च. गप्पांमध्ये हे चालून जातं, पण ब्लॉकिंगच्या वेळी महागात पडतं, कारण मेंढीच्या लोकरीला पाणी पुरतं आणि ॲक्रिलिकवर नुसत्या पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. या लेखात लोकर म्हणजे फक्त मेंढीची. लेबल नसलेला जुना गुंडा हाती लागला तर तो कशाचा आहे हे कळेपर्यंत जाळीसाठी वापरू नका.

धागे शेजारी शेजारी

खालचे आकडे ८० × १०० सेमी मापाच्या, डीके म्हणजे मध्यम जाडीच्या धाग्याच्या, ४.५ मिमी सुईवर विणलेल्या मध्यम जाळीचे आहेत. अशा ब्लँकेटला साधारण १००० मीटर धागा लागतो. वजनं वेगवेगळी दिसतात, कारण १०० ग्रॅममध्ये किती मीटर बसतात हे धाग्यागणिक बदलतं. गुंडे घेताना ग्रॅमवर जाऊ नका, मीटर मोजा.

| धागा | अंदाजे वजन | धुणं | ब्लॉकिंग | धुतल्यावर जाळी |
|---|---|---|---|---|
| साधी लोकर | ४५० ग्रॅम | फक्त हाताने, कोमट पाण्यात | ओलं करून | मिटते, पुन्हा टाचावं लागतं |
| सुपरवॉश मेरिनो (मशीनमध्ये धुता येणारी बारीक लोकर) | ४५० ग्रॅम | मशीनमध्ये नाजूक फेरी, ३० अंश | ओलं करून, बेताने ताणून | थोडी मिटते, आडवं वाळवल्यास चालून जाते |
| सुती | ५०० ग्रॅम | मशीनमध्ये | ओलं करून | मऊ पडते, कडा ढिल्या होतात |
| सुती-ॲक्रिलिक मिश्र | ४२० ग्रॅम | मशीनमध्ये | ओलं किंवा हलकी वाफ | जेवढी होती तेवढी |
| ॲक्रिलिक | ३५० ग्रॅम | मशीनमध्ये | वाफ | वाफ नीट बसली असेल तर तशीच राहते |

साधी लोकर जाळीसाठी सगळ्यात उत्तम, यात वाद नाही. ओली झाली की तिच्या तंतूंमधले काही बंध सुटतात आणि वाळताना ज्या आकारात ताणलेली असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणूनच एवढी सुबक नक्षी उठते. पुढच्या वेळी भिजली की तेच बंध पुन्हा सुटतात आणि जाळी मिटते. शिवाय लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि ब्लँकेटचा नमदा होतो. नमदा झालेली लोकर परत उलगडत नाही. बाळाचं ब्लँकेट आठवड्यातून एकदोनदा तरी धुवावं लागतं, कारण दूध, ओकारी आणि लाळ काही वेळापत्रक पाहून येत नाहीत. रात्री तीन वाजता जागे असलेले आईवडील शंभर टाचण्या लावत बसतील, ही अपेक्षा धरणं अन्याय आहे.

सुपरवॉश लोकरीत हेच खवले बोथट करतात: क्लोरीनची प्रक्रिया करून वर पॉलिमरचा पातळ थर चढवतात. त्यामुळे ती मशीनमध्ये आकसत नाही. पण खवल्यांमुळे तंतू एकमेकांना धरून राहत, ती पकडही जाते. म्हणून सुपरवॉशचा ओला तुकडा हातात घेतला की तो शेवयांसारखा लोंबतो, आणि नेहमीच्या सवयीने ताणून टाचलात तर ८० सेमीचं ब्लँकेट ९५ सेमी होऊन बसतं. विणणाऱ्यांची सुपरवॉशबद्दलची बहुतेक गाऱ्हाणी इथली आहेत, आणि त्यातली निम्मी नमुन्याचा तुकडा (माप काढायला आधी विणून पाहिलेला छोटा तुकडा) न धुता मोजल्यामुळे होतात. लेबलवर ड्रायरची मुभा असेल तर कमी उष्णतेवर अर्धवट वाळेपर्यंत फिरवून मग पसरावं. वाढलेली वीण बऱ्यापैकी परत आवळते. मुभा नसेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून जास्तीत जास्त पाणी काढा आणि ढकलून ढकलून मापात आणून आडवंच वाळवा.

लोकर टोचेल का, हा प्रश्न हमखास येतो. टोचणं तंतूच्या जाडीवर असतं. ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे जाड तंतू त्वचेवर वाकत नाहीत, टोकाने रुततात. मेरिनो यापेक्षा बरीच बारीक असते, म्हणून सुपरवॉश घ्यायचीच तर मेरिनोच घ्या. गुंडा गळ्याला लावून दोन मिनिटं धरा. तळहातावर काही कळत नाही.

सुतीचं कौतुक जरा जास्तच होतं. ती टोचत नाही, ओली झाल्यावर उलट अधिक मजबूत होते आणि उकाड्यात बरी वाटते, हे सगळं खरं. पण तिला लवचीकपणा नाही. लोकरीचा टाका सुईभोवती स्वतःच आवळतो, सुतीचा आवळत नाही. हात थोडा सैल पडला की ती ओळ कायमची वेगळी दिसते. अर्धा किलोचं वजन मांडीवर घेऊन विणताना मनगटं दुखतात, आणि टोकदार सुईने धागा चिरतो. सुतीसाठी जरा बोथट टोकाची, लाकडी किंवा बांबूची सुई बरी. जाळी ओली करून टाचली की छान उघडते, पण वापरात स्वतःच्या वजनाने हळूहळू ओघळते. सुतीत मोठी भोकं असलेली नक्षी टाळा. लहान भोकं आणि मध्ये भरपूर सलग वीण ठेवली तर मात्र सुती वर्षानुवर्षं टिकते.

ॲक्रिलिकला नाकं मुरडली जातात, पण बाळाच्या जाळीच्या ब्लँकेटसाठी त्याचा एक मोठा गुण नजरेआड होतो: वाफेने बसलेला आकार धुण्याने जात नाही. तो उष्णतेने मऊ होऊन नव्या आकारात थिजणारा प्लास्टिकचा तंतू आहे. एकदा नीट वाफ दिली की पुन्हा टाचायची गरजच उरत नाही. अवगुणही त्याच स्वभावातून येतो. वाफ जास्त झाली तर धाग्यातला जीव जातो, वीण लुळी आणि चकचकीत होते, आणि मागे फिरायची वाट नसते. शिवाय तो घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळून चिकटतो. लोकर सहज पेट घेत नाही आणि ज्योत बाजूला केली की बहुधा विझते.

बाकीच्यांवर फार वेळ घालवायला नको. मोहेअर आणि अंगोरा बाळासाठी नाहीच, कारण त्यांची लव तोंडानाकात जाते. अल्पाका उबदार असली तरी तिला कुरळेपणा नाही, मोठा तुकडा लोंबत जातो. बांबूच्या नावाने विकला जाणारा धागा बहुधा व्हिस्कोस, म्हणजे लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला धागा असतो. तो हाताला रेशमासारखा लागतो, पण भिजल्यावर अशक्त होतो आणि पसरतो.

आमचा कौल असा. घरी सगळे कपडे एकाच फेरीत मशीनमध्ये टाकणारं कुटुंब असेल तर चांगल्या प्रतीचं ॲक्रिलिक किंवा सुती-ॲक्रिलिक मिश्र. थोडी काळजी घेणारं, कपडे निवडून धुणारं घर असेल तर सुपरवॉश मेरिनो. साधी लोकर तेव्हाच, जेव्हा घेणारा स्वतः विणणारा आहे किंवा ब्लँकेट समारंभापुरतं वापरून जपून ठेवलं जाणार आहे. माहीत नसेल तर विचारा. विचारण्याने भेटीतली गंमत जात नाही, नमदा झाल्यावर मात्र जाते.

टाके किती घालायचे, हे ब्लॉकिंग ठरवतं

समजा ओलं करून टाचलेल्या तुकड्यात १० सेमीमध्ये १८ टाके येतात. ८० सेमी रुंदीला १४४ टाके झाले. हेच १४४ टाके ब्लॉकिंगआधी १० सेमीमध्ये २२ या हिशेबाने जेमतेम ६५ सेमी भरतात. म्हणजे विणताना ब्लँकेट अरुंद वाटणं साहजिक आहे. तिथे घाबरून टाके वाढवू नका. पण हेच ॲक्रिलिकमध्ये विणून वाफ द्यायची नाही असं ठरवलं, तर ते ६५ सेमीच राहणार. मग सुरुवातीलाच १७६ टाके हवेत, आणि लांबीतही तशीच भर. धागा सुमारे ४५ ते ५० टक्के जास्त लागेल. "ब्लॉकिंग नंतर बघू" हे म्हणूनच चालत नाही.

त्यासाठी नमुन्याचा तुकडा: किमान ३० टाके, ३६ ओळी, खऱ्या जाळीच्या विणीत. सुलट-उलट विणीत काढलेलं माप जाळीला लागू पडत नाही. तो तुकडा ब्लँकेट जसं धुतलं जाणार तसाच धुवा, टाचा, पूर्ण वाळू द्या, टाचण्या काढा आणि एक दिवस तसाच सोडून मग मोजा. टाचण्या काढल्याबरोबर मोजलं तर माप खोटं येतं, कारण तुकडा थोडा परत आकसतो.

ब्लॉकिंगच्या तीन रीती

फवारून केलेलं ब्लॉकिंग म्हणजे कोरडं टाचायचं आणि वरून पाणी शिंपडायचं. जागा कमी लागते, सुपरवॉश फार ताणलं जायची भीतीही नाही. पण हातात आठवडेच्या आठवडे फिरलेलं ब्लँकेट न धुता बाळाला द्यायचं नसतं, त्यामुळे एक धुणं होणारच. मग ओलंच का टाचू नये?

ओलं ब्लॉकिंग लोकरीचं आणि सुतीचं. टबात ३० अंशांच्या आसपासचं कोमट पाणी, त्यात लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण. लोकर हवा धरून तरंगते, म्हणून तळहाताने दाबून बुडवा आणि २० ते ३० मिनिटं ठेवा. चोळू नका, पिळू नका, वरून नळ सोडू नका. धुवायचं आणि खंगाळायचं पाणी एकाच तापमानाचं असू द्या. बाहेर काढताना एका कोपऱ्याने उचललंत की सगळ्या पाण्याचं वजन त्या कोपऱ्यावर येतं आणि तो कायमचा ओघळतो. दोन्ही हातांनी गोळा करून उचला. मोठ्या टॉवेलवर पसरा, दोन्ही मिळून गुंडाळी करा आणि तिच्यावर उभे राहा. पहिला टॉवेल चिंब होतो, दुसऱ्याने काम पुरं होतं.

आता टाचणं. ३० सेमीच्या फोमच्या १२ फरश्या जोडल्या की ९० × १२० सेमी जागा होते, ८० × १०० सेमीच्या ब्लँकेटला पुरेशी. रंगीत फरश्यांचा रंग कधीकधी ओल्या धाग्याला लागतो, म्हणून वर पांढरी चादर अंथरा. टाचण्या न गंजणाऱ्या स्टीलच्याच हव्यात. एका रात्रीत पडलेला गंजाचा ठिपका पांढऱ्या लोकरीतून निघत नाही.

परिघ ३६० सेमी. दर ३ सेमीला टाचणी लावली तर १२० टाचण्या, आणि एवढं करून सरळ कड सरळ दिसतच नाही: प्रत्येक टाचणीपाशी एक टोक निघतं आणि दोन टाचण्यांमध्ये कड आत जाते. ब्लॉकिंगच्या लवचीक तारा इथे कामी येतात. कडेच्या गाठींमधून तार ओवायची, दर दुसऱ्या ओळीच्या टोकातून, एकही मोठं अंतर न सोडता. मग तारेला दर १२ ते १५ सेमीवर एक टाचणी पुरते, म्हणजे सगळ्या मिळून २५ ते ३०. कड दोरीने आखल्यासारखी येते. जाळीची ब्लँकेटं दोनचार तरी विणायची असतील तर तारा घ्याच. तारा नसतील तर जाड, गुळगुळीत सुती दोरा कडेतून ओवून दोन्ही टोकांना ताणून बांधता येतो. काम हळू होतं, पण होतं.

आधी चार कोपरे, मग चार बाजूंचे मध्य, मग उरलेलं. टाचणी बाहेरच्या बाजूला तिरकी झुकवून रोवा, नाहीतर ताणाने ती उपटून येते. समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या म्हणजे चौकोन काटकोनात आला असं नाही. दोन्ही कर्ण मोजा: ८० × १०० सेमीला दोन्हीकडे १२८ सेमी यायला हवेत. एक १२५ आणि दुसरा १३१ भरला तर ब्लँकेट तिरपं टाचलं गेलंय. ओलं असतानाच सरकवा.

किती ताणायचं? साध्या लोकरीला भोकं पूर्ण उघडून सपाट बसेपर्यंत. सुपरवॉशला ती मागेल त्याहून कमी, ठरवलेल्या मापापर्यंतच. सुतीला फक्त सरळ करण्यापुरतं. लोकरीला पूर्ण वाळायला साधारण एक दिवस, सुतीला दोन. पंखा चालेल, कडक ऊन नको, पांढरी लोकर उन्हात पिवळी पडते. हाताला गार लागतंय म्हणजे आत अजून ओल आहे, टाचण्या काढू नका.

जाळी ताणून वाळवायची रीत जुनी आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर धुतलेल्या शाली खुंट्या मारलेल्या लाकडी चौकटीवर दोरा ओवून ताणत. वरची दोऱ्याची युक्ती तिथलीच म्हणायला हरकत नाही.

तिसरी रीत वाफेची, मुख्यतः ॲक्रिलिकसाठी. इथे पहिला प्रयोग ब्लँकेटवर करायचा नाही. नमुन्याच्या तुकड्याचे मनाशी तीन पट्टे करा: पहिला तसाच, दुसऱ्यावर वाफ तीनचार सेकंद, तिसऱ्यावर दहाबारा सेकंद. गार झाल्यावर तिन्ही बोटांत धरून बघा. पहिल्याची भोकं मिटलेली असतील. दुसऱ्याची उघडलेली, पण वीण चेपली की परत वर येणारी. तिसरा पट्टा ओल्या पापडासारखा लोळेल आणि त्याच्यावर हलकी झळाळी दिसेल. तुमच्या धाग्याला किती वाफ हवी हे इथेच कळतं, आणि प्रत्येक धाग्यागणिक ते वेगळं असतं. मग ब्लँकेट कोरडंच मापात टाचा. फोम उष्णतेने वाकतो, म्हणून खाली जाड टॉवेल घाला. इस्त्री किंवा स्टीमर २ ते ३ सेमी वर धरून सतत फिरवत राहा. इस्त्री टेकली की टाके वितळून चपटे होतात, तिथे संपलं. पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, हात लावू नका. गरम असताना टाचणी काढली तर आकार निसटतो.

वीण कोणती

ब्लॉकिंग टिकणार नसेल तर ब्लॉकिंगशिवायही बरी दिसणारी जाळी निवडायला हवी. अशा विणीत शेटलंडची लाटांची वीण सगळ्यात भरवशाची. १८ टाक्यांची पट (पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा भाग), चार ओळी, आणि त्यात विचार करायची ओळ एकच:

पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरी: (२ टाके एकत्र) ३ वेळा, (सुईवर धागा घ्या, १ सुलट) ६ वेळा, (२ टाके एकत्र) ३ वेळा. चौथी, म्हणजे मागच्या बाजूची, सुलट.

तिसऱ्या ओळीचा हिशेब बघा. सहा टाक्यांचे तीन झाले, मधल्या सहाचे बारा, पुन्हा सहाचे तीन. १८ घातले, १८ निघाले. प्रत्येक पटीनंतर खुणेची कडी लावली की चौथ्या ओळीत मोजताना १७ निघाले तर चूक त्याच पटीत आहे हे लगेच कळतं, आणि बहुधा ती सुटलेला धागा हीच असते. ती दुरुस्त करायला उसवायची गरज नाही. जिथे धागा घ्यायचा राहिला तिथे दोन टाक्यांमधला आडवा धागा खालून उचलून सुईवर घ्या. भोक किंचित लहान येईल, ब्लॉकिंगनंतर शोधूनही सापडत नाही. आठ पटी म्हणजे १४४ टाके, दोन्ही कडांना ५-५ टाके प्रत्येक ओळीत सुलट, एकूण १५४. कडेच्या त्या १० टाक्यांनी रुंदी ५ सेमीच्या आसपास वाढते. ८० च्या जास्त जवळ राहायचं असेल तर कडा ३-३ टाक्यांच्या करा. ही वीण कडेला आपोआप लाटा काढते, टाचताना प्रत्येक लाटेच्या टोकाला एक टाचणी लावायची, दोन्ही टोकांना आठ-आठ.

पानांच्या आणि हिऱ्यांच्या जाळ्या दिसायला याहून सुंदर असतात. पण त्यांची रेघ घटवलेल्या टाक्यांच्या तिरकेपणावर उभी असते, ती ताणल्याशिवाय उठत नाही. लोकर, सुपरवॉश आणि नीट वाफवलेलं ॲक्रिलिक यांना त्या शोभतात. सुतीत त्या गबाळ्या दिसतात, असं स्पष्टच सांगायला हवं.

सलग सुलट विणीत मध्येमध्ये भोकांची एखादी ओळ, हा सगळ्यात साधा पर्याय. दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, कडा वळत नाहीत, ब्लॉकिंग न करताही चालतं. नुकतेच विणायला शिकलेल्यांनी याला कमी लेखू नये.

कडेपासून कडेपर्यंत की मधून बाहेर

सरळ आयत विणला तर एका टोकाला टाके घालायचे, दुसऱ्या टोकाला बंद करायचे. सोपं, पण बंद करणं आवळलं की वरची बाजू ताणायला जागाच राहत नाही, आणि कितीही टाचलं तरी ब्लँकेट एका टोकाला निमुळतं राहतं. जाळीचे टाके नेहमीसारखे बंद करू नका. दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा, आलेला टाका डाव्या सुईवर परत ठेवा, पुढच्यासकट पुन्हा तसंच. सुई एक-दोन क्रमांक मोठी घेतलीत तर आणखी बरं. टाके घालतानाही हीच सैल कड ठेवा.

दुसरी रीत शेटलंडच्या रोजच्या वापरातल्या शालींची. मधला चौकोन कोपऱ्यापासून तिरका, सलग सुलट: एका टाक्यापासून सुरुवात, प्रत्येक ओळीच्या आरंभी धागा घेऊन एक टाका वाढवत जायचं, हवी ती रुंदी आली की तसंच घटवत एका टाक्यावर यायचं. कडेला धाग्याच्या मोकळ्या फासांची रांग तयार होते. त्यात सुई घालून चारी बाजूंचे टाके उचलायचे, लांब गोलाकार सुईवर लाटांची किनार विणायची, आणि शेवटी टोकाटोकांची झालर आडवी विणत किनारीला जोडत जायची. या रीतीचा मोठा फायदा असा की मधल्या चौकोनासाठी जेवढा धागा ठेवला त्याचा अर्धा तराजूवर संपला की घटवायला सुरुवात करता येते. धागा कमी पडायची धास्ती नाही. दुसरा फायदा: टाके बंद करायचेच नसल्याने कड कुठेही आवळत नाही.

पण झालरीचा हिशेब आधी करा. झालरीच्या दर दोन ओळींना किनारीचा एक टाका जोडला जातो. किनारीवर ४०० टाके असतील तर झालरीच्या ८०० ओळी, छोट्या असल्या तरी ८००. १० ओळींचं एक टोक धरलं तर ८० टोकं आणि टाचताना किमान ८० टाचण्या. कोपऱ्यातल्या तीनचार टाक्यांना झालर प्रत्येकी दोनदा जोडा, नाहीतर कोपरा वाटीसारखा वर उचलतो आणि कितीही ताणलं तरी बसत नाही. बाळ यायला दोन महिने उरले असतील तर सरळ आयतच घ्या.

दोन्ही रीतींत बचावाचा दोरा ओवायला विसरू नका: दर १० ते २० ओळींनी, नक्षी नसलेल्या ओळीत, सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा बारीक दोरा सुईने ओवायचा. खुणेच्या कड्या त्यात अडकू देऊ नका. जाळीतला गळालेला टाका धाग्याच्या भोकापाशी आला की शेजारचेही सैल होतात आणि कोणता टाका कुणाचा हे ओळखू येत नाही. दोरा असेल तर तिथवर बिनधास्त उसवता येतं.

माप आणि सुरक्षितता

बाबागाडीसाठी ७५ × ९० सेमी, मांडीवर किंवा जमिनीवर वापरायला ८० × १०० किंवा ९० सेमीचा चौरस. याहून मोठं करायचा मोह होतो, पण पहिल्या वर्षात बाळाच्या झोपायच्या जागेत सुटं पांघरूण ठेवू नये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते. त्यामुळे हे ब्लँकेट बाळ जागं आणि नजरेसमोर असतानाचं. भेट देताना हे एका वाक्यात सांगून टाका.

भोकांचा आकारही बघा. ताणलेल्या जाळीतून तुमच्या करंगळीचं टोक आत जात असेल तर बाळाची बोटं नक्कीच जातील आणि अडकतील. सुई अर्ध्या मिलिमीटरने लहान करा किंवा नक्षी बदला. मागच्या बाजूला सुटी टोकं आणि लांब लोंबते धागे अजिबात नकोत, ते बोटाभोवती आवळले जातात. रिबीन, मणी, गोंडे यांनाही रजाच द्या.

शेवटची टोकं

नवा गुंडा नेहमी कडेला जोडा, जाळीच्या मध्ये नको, आणि कारखान्याची गाठ आली तर ती कापून कडेलाच जोड द्या. ओले करून तळहातात चोळून धागे जोडायची युक्ती फक्त साध्या लोकरीत चालते. खवले बोथट झालेली सुपरवॉश आणि ॲक्रिलिक त्याला दाद देत नाहीत. टोक ओवताना लोकरीत ५ ते ६ सेमी पुरे. सुती, सुपरवॉश आणि ॲक्रिलिक घसरतात, तिथे ८ ते १० सेमी आणि तीनदा दिशा बदलून. ओवून झाल्यावर उरलेलं शेपूट ब्लॉकिंगआधी कापू नका. ताणल्यावर ते आत ओढलं जातं आणि बरोबर मधल्या पानावर डोकं काढतं. वाळून टाचण्या निघाल्या की मग कापा.

ब्लँकेटसोबत एक छोटी चिठ्ठी द्या: धागा कशाचा, पाणी किती अंश, ड्रायर चालेल की नाही, आडवं वाळवायचं की नाही. आणि त्याच रंगाचा चारपाच मीटर धागा, ब्लँकेटच्याच बरोबर धुतलेला. वर्षभराने एखादा टाका सुटला तर दुरुस्तीचा धागा उरलेल्या वीणीपेक्षा नवाकोरा दिसणार नाही.